रंगमंचाचा नकाशा ते ग्रीक नाटक: नव्यानं शिकणाऱ्यांसाठी एक क्रम

नाट्यशास्त्राच्या पदविकेला किंवा पदवीला प्रवेश घेतला की पहिल्याच सत्रात तीन विषय एकदम अंगावर येतात: रंगमंचाच्या संज्ञा, रंगमंचाचे प्रकार आणि प्राचीन ग्रीक नाटक. तिन्हींचे तास वेगळे, वह्या वेगळ्या, आणि बहुतेक जण परीक्षेच्या आदल्या रात्री तिन्हींच्या व्याख्या पाठ करतात. मीही हा अभ्यासक्रम पूर्ण केला आहे आणि त्यानंतर नवीन मुलांना तालमीत हे शिकवलंही आहे. माझं मत असं झालं आहे की हे तीन विषय नाहीतच, एकच आहे. नाटक कुठे उभं राहून बोललं जात होतं हे डोळ्यांसमोर नसतं, म्हणून ग्रीक नाटक अवघड वाटतं. आधी जागा समजून घ्या, मग नाटक वाचा आणि व्याख्या सगळ्यात शेवटी लिहा. खालचा क्रम तसाच लावला आहे.

काय काय जवळ हवं

- आलेख कागदाची वही, पेन्सिल, खोडरबर. या अभ्यासात शब्दांपेक्षा नकाशे जास्त काढावे लागतात.
- मोजायची टेप, आणि जमिनीवर खुणा करायला मास्किंग टेप किंवा खडू.
- सोफोक्लीसच्या ‘राजा ईडिपस’ची प्रत. पु. ल. देशपांडे यांनी हे नाटक मराठीत आणलं आहे; वाचनालयात विचारा. इंग्रजीतून वाचणार असाल तर समासात ओळींचे क्रमांक छापलेली आवृत्तीच घ्या. ग्रीक नाटकांचे संदर्भ पानांनी नाही, ओळींनी देतात. क्रमांक नसलेली स्वस्त प्रत घेतलीत तर पुढे प्रत्येक संदर्भ शोधताना वेळ जाईल.
- दोन मित्र. पायरी ६ मध्ये लागतील.

१. रंगमंचाची नऊ घरं

आयत काढा. त्याचे आडवे तीन आणि उभे तीन भाग करा. प्रेक्षकांच्या बाजूची ओळ म्हणजे डाऊन, मागच्या पडद्याकडची ओळ म्हणजे अप, मधली सेंटर. उभे भाग लेफ्ट, सेंटर, राइट. म्हणजे प्रेक्षकांना सगळ्यात जवळची मधली जागा डाऊन सेंटर, आणि मागचा डावा कोपरा अप लेफ्ट. पूर्वी युरोपातल्या अनेक रंगमंचांची जमीन मागे चढत जाणारी असे, त्यावरून हे अप-डाऊन आलं. आपल्याकडची नाट्यगृहं सपाट असली तरी शब्द तेच राहिले.

सापळा: लेफ्ट-राइट नेहमी प्रेक्षकांकडे तोंड करून उभ्या असलेल्या नटाचं. प्रेक्षागृहात बसून नोंदी घेताना ते उलटं होतं. नकाशाच्या खालच्या कडेला ‘प्रेक्षक’ असं लिहा आणि आयताच्या आत, नटाच्या बाजूनं, ‘ले’ आणि ‘रा’ अशी अक्षरं टाका. आठवडाभरात सवय होते.

घरातल्या मोकळ्या जागेत टेपनं ही नऊ घरं आखा आणि कोणाला तरी सूचना द्यायला सांगा: ‘अप राइटहून एन्ट्री, डाऊन सेंटरला थांब, लेफ्टनं एक्झिट.’ दहा मिनिटांत जे अंगात बसतं ते पुस्तकातून तासभरात बसत नाही.

२. तालमीत कानावर पडणारे शब्द

हे सगळे एकदम पाठ करायला जाऊ नका. जे पहिल्या दिवसापासून लागतात ते असे.

बाजूला उभे लटकलेले पडदे म्हणजे विंगा. पुढून मागे मोजतात, पहिली विंग, दुसरी विंग. वर आडव्या सोडलेल्या झालरी दिवे झाकतात. लाकडी चौकटीवर कापड किंवा प्लाय लावून केलेली भिंत म्हणजे फ्लॅट, आणि उंची मिळावी म्हणून ठेवलेले चौथरे म्हणजे लेव्हल. सगळ्यात मागे ताणलेला पांढरा पडदा म्हणजे सायक्लोरामा, बोलताना नुसता ‘सायक’. मुख्य पडद्याच्या पुढे प्रेक्षकांकडे आलेली पट्टी म्हणजे एप्रन. नटानं कुठून कुठे जायचं हे ठरवणं म्हणजे ब्लॉकिंग. ज्या शब्दावर, आवाजावर किंवा हालचालीवर पुढची गोष्ट घडायची असते तो क्यू. प्रॉपर्टीचं, म्हणजे नटांनी हाताळायच्या वस्तूंचं, टेबल विंगेत असतं आणि त्यावरच्या वस्तूला ज्याची त्यानंच हात लावायचा. हा नियम लिहिलेला कुठे सापडणार नाही, पण मोडलात की लगेच कळतो.

तांत्रिक तालीम आणि रंगीत तालीम यांत गल्लत करू नका. पहिलीत दिवे, आवाज आणि नेपथ्यबदल यांची जुळणी होते; नट मधेमधे थांबतात, क्यू पुन्हा पुन्हा घेतात. रंगीत तालमीत वेशभूषा-रंगभूषेसह न थांबता अख्खा प्रयोग होतो. परीक्षेत हा फरक हमखास विचारतात.

बॅकस्टेजला उभे राहणार असाल तर एवढं लक्षात ठेवा: विंगेतून तुम्हाला प्रेक्षक दिसत असेल तर प्रेक्षकालाही तुम्ही दिसत आहात.

३. रंगमंचाचे प्रकार: प्रेक्षक किती बाजूंना आहेत ते मोजा

पुस्तकांत सहा-सात प्रकार दिलेले असतात. एकच प्रश्न विचारलात तर ते आपोआप लागतात: प्रेक्षक किती बाजूंना बसले आहेत?

एका बाजूला: प्रोसिनियम, म्हणजे कमानीचा रंगमंच. चौकटीतून चित्र पाहावं तसं नाटक दिसतं. इटलीतल्या पार्मा इथलं तेआत्रो फार्नेसे (१६१८) हे कायमस्वरूपी कमान असलेल्या सुरुवातीच्या नाट्यगृहांपैकी एक. पुण्याचं बालगंधर्व रंगमंदिर, दादरचं शिवाजी मंदिर, किंबहुना आपली बहुतेक सगळी नाट्यगृहं याच प्रकारची. इथे भिंती, जिना, वरचा मजला असं भरगच्च नेपथ्य करता येतं आणि वस्तू लपवता येतात.

तीन बाजूंना: थ्रस्ट. रंगमंच प्रेक्षकांत घुसलेला असतो. लंडनचं १५९९ चं ग्लोब असं होतं आणि मुंबईत जुहूचं पृथ्वी थिएटर असं आहे. पुढच्या भागात उंच फ्लॅट ठेवता येत नाही. ठेवलात तर एका बाजूच्या लोकांचं नाटक गेलं. कोकणातला दशावतार आठवा. मागे पडदा, एक बाकडं, आणि पुढे तिन्ही बाजूंनी माणसं. तेच बाकडं सिंहासन होतं आणि तेच पलंगही. ती जागा तेवढंच नेपथ्य मागते.

चारही बाजूंना: रिंगण. नटाची पाठ कायम कोणाकडे तरी असतेच, म्हणून त्याला सतत कोन बदलत राहावं लागतं. ब्लॅक बॉक्स म्हणजे काळी रिकामी खोली, जिथे खुर्च्या हलवून यातला कोणताही प्रकार मांडता येतो. पुण्यातल्या किंवा मुंबईतल्या छोट्या प्रायोगिक जागांत हे बघायला मिळेल.

एकाच नाट्यगृहात बसून हे कळत नाही. एक नाटक कमानीच्या रंगमंचावर आणि एक थ्रस्टवर, महिन्याभराच्या आत पाहा. दोन्हीकडे एकच गोष्ट टिपा: मुख्य पात्र पहिल्यांदा येतं ते कुठून आणि त्याला बोलायला कुठे उभं केलं आहे.

४. ग्रीकांची जागा काढा

आता वहीचं नवं पान. टेकडीचा उतार काढा. त्यावर पंख्यासारख्या चढत जाणाऱ्या बाकांच्या ओळी, म्हणजे थिएट्रॉन, बघण्याची जागा. उताराच्या पायथ्याशी मोकळी सपाट जमीन ती ऑर्केस्ट्रा. इथे कोरस, म्हणजे गाणारा-नाचणारा समूह, नाचतो आणि गातो. तिच्या पलीकडे एक इमारत, स्कीनी. तिला मधोमध मोठं दार, आणि वर छप्पर, ज्यावर माणूस उभा राहू शकतो. बाके आणि इमारत यांच्यामधून आत येणारे दोन मोकळे रस्ते, डावा आणि उजवा, त्यांना पॅरोडॉस म्हणतात.

झालं. एक दार, एक छप्पर, दोन रस्ते. पडदा नाही, दिवे नाहीत, दिवसाउजेडी प्रयोग. कमान नाही, त्यामुळे लपवायला जागा एकच, दाराच्या आत.

यंत्रं दोन. एक्कीक्लेमा म्हणजे चाकांवरचा पाट. आत घडलेल्या हत्येचा परिणाम दारातून बाहेर ढकलून दाखवायचा. मेकानी म्हणजे क्रेन. देव किंवा अचाट पात्रं तिच्यावरून वर दिसतात. युरिपिडीस या नाटककाराची मेडिया (इ.स.पू. ४३१) शेवटी अशीच, मुलांची प्रेतं घेऊन सर्पांच्या रथातून निघून जाते.

जागा नाटक कसं बदलते ते इथे स्पष्ट दिसतं. ईस्किलसचं ‘पर्शियन्स’ (इ.स.पू. ४७२) हे आज उपलब्ध असलेलं सर्वांत जुनं ग्रीक नाटक, त्याला मागे दाराची गरज पडत नाही. त्याच ईस्किलसचं ‘ॲगमेम्नॉन’ (इ.स.पू. ४५८) छपरावरच्या पहारेकऱ्यापासून सुरू होतं, आणि पुढे राजाला त्या दारातून आत न्यायचं की नाही यावरच सगळा ताण उभा आहे. चौदा वर्षांत नाटककाराला एक दार मिळालं आणि त्यानं त्याचं हे केलं.

इथे तीन सापळे आहेत.

पहिला, फोटोचा. जवळजवळ प्रत्येक पाठ्यपुस्तकात एपिडॉरसचं देखणं दगडी रंगस्थळ छापलेलं असतं, ५५ ओळींचं, गोल ऑर्केस्ट्राचं. पण ते इ.स.पू. चौथ्या शतकातलं आणि त्याच्या वरच्या ओळी त्याहूनही नंतरच्या. सोफोक्लीसची नाटकं झाली ती अथेन्समध्ये, अक्रोपोलिस टेकडीच्या दक्षिण उतारावरच्या डायोनायसस देवाच्या रंगस्थळात, आणि तेव्हा तिथे लाकडी बाके होती. तिथला ऑर्केस्ट्राही गोलच होता असं नाही. तो चौकोनाकडे झुकणारा असावा असं म्हणणारे अभ्यासक बरेच आहेत. उत्तरात शतक लिहायला विसरू नका.

दुसरा, नावाचा. पॅरोडॉस म्हणजे आत येण्याचा रस्ता आणि त्या रस्त्यानं येताना कोरसनं गायलेलं पहिलं गीतही. प्रश्न कशाबद्दल आहे ते पाहून उत्तर द्या.

तिसरा, दंतकथांचा. एपिडॉरसला मध्यभागी नाणं पडलं तरी शेवटच्या ओळीत स्पष्ट ऐकू येतं, असं वाटाडे सांगतात; २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापांत ते टिकलं नाही. मुखवट्याच्या तोंडात कर्ण्यासारखी रचना होती, हेही असंच. आणि जाड उंच तळव्यांचे बूट इ.स.पू. पाचव्या शतकातले नाहीत, ते पुढच्या काळात आले. ही तीन वाक्यं तुमच्या वहीत असतील तर खोडा.

५. उत्सवाचं गणित समजून घ्या

अथेन्समध्ये नाटक म्हणजे संध्याकाळचा विरंगुळा नव्हता. वसंतात भरणाऱ्या सिटी डायोनिसिया या देवोत्सवातली ती स्पर्धा होती. आपल्याकडे ज्यांनी पुरुषोत्तम करंडक किंवा राज्य नाट्य स्पर्धेची धावपळ केली आहे त्यांना हे पटकन कळेल.

आर्कन हा नगराधिकारी तीन शोकांतिकाकार निवडायचा. निवड झाली की ‘कोरस मिळाला’ असं म्हणत. कोरसच्या तालमीचा आणि वेशभूषेचा खर्च एका श्रीमंत नागरिकावर टाकला जाई, तो कोरेगॉस. नटांचा खर्च राज्याचा. प्रत्येक शोकांतिकाकाराला एक दिवस: तीन शोकांतिका आणि वर एक सॅटर नाटक, म्हणजे अर्ध-पशू सॅटरांच्या कोरसचं धसमुसळं, हसवणारं नाटक. संपूर्ण असं एकच सॅटर नाटक आज आपल्या हाती आहे, युरिपिडीसचं ‘सायक्लॉप्स’. परीक्षक दहा, अथेन्सच्या दहा गणांमधून चिठ्ठ्या टाकून निवडलेले, आणि निकालासाठी त्यांची सगळी मतं मोजतही नसत. ‘मेडिया’ ज्या वर्षी झालं त्या वर्षी युरिपिडीस तिसरा आला. तिघांत तिसरा.

संख्या पाठ करायच्या तर एवढ्याच: डिथिरॅम्ब या समूहगीताचा कोरस ५०, शोकांतिकेचा आधी १२ आणि सोफोक्लीसनंतर १५, सुखात्मिकेचा २४. नट सगळे पुरुष. ॲरिस्टॉटल सांगतो की दुसरा नट ईस्किलसनं आणला आणि तिसरा सोफोक्लीसनं.

६. तीन नटांत ‘राजा ईडिपस’ बसवून पाहा

ही पायरी टाळू नका, इथेच सगळं जुळतं. सोफोक्लीसकडे बोलणारे नट तीनच आहेत आणि बोलणारी पात्रं आठ: ईडिपस, पुजारी, क्रेऑन, टायरेसियस, योकास्ता, कोरिंथचा दूत, मेंढपाळ आणि राजवाड्यातला सेवक. मुखवटे बदलून भूमिका बदलायच्या. आता नाटक वाचत वाचत तक्ता करा: कोणत्या प्रवेशात कोण कोण एकत्र आहे.

आधी सांगाडा. नाटक सुरू होतं ते प्रोलॉगॉस. मग कोरस येताना गातो तो पॅरोडॉस. त्यानंतर संवादाचे भाग, एपिसोड, आणि प्रत्येकानंतर कोरसचं उभ्या जागेवरचं गीत, स्टॅसिमॉन. शेवटच्या गीतानंतर उरतं ते एक्सोडॉस. या गीतांचं काम ‘भाष्य करणं’ असं पुस्तकात वाचून सोडून देऊ नका, तक्त्याकडे बघा.

प्रोलॉगॉसमध्ये ईडिपस, पुजारी आणि क्रेऑन एकत्र. तीन नट संपले. दुसऱ्या एपिसोडमध्ये ईडिपस, क्रेऑन आणि योकास्ता. तिसऱ्यात ईडिपस, योकास्ता आणि कोरिंथचा दूत. पहिला नट ईडिपसला बांधला गेला आहे, म्हणजे योकास्ता दुसऱ्याकडे, आणि क्रेऑन व दूत दोन्ही तिसऱ्याकडेच येतात. प्रोलॉगॉसमध्ये क्रेऑन तिसरा, म्हणून पुजारी दुसऱ्याकडे. टायरेसियस दोघांपैकी कोणालाही देता येतो. हे झाल्यावर चौथा एपिसोड पाहा: ईडिपस, दूत आणि मेंढपाळ. दूत आधीपासून तिथेच आहे. मग मेंढपाळ कोण?

योकास्ता करणारा नट. दुसरा कोणी उरतच नाही.

तिसऱ्या एपिसोडच्या अखेरीस योकास्ताला सत्य कळतं, ती ईडिपसला ‘पुढे विचारू नकोस’ म्हणून विनवते आणि दारातून आत निघून जाते. नटाला आत जाऊन राणीचा मुखवटा उतरवायचा आहे, म्हाताऱ्या गुलामाचा चढवायचा आहे आणि बाहेरच्या रस्त्यानं यायचं आहे. मध्ये कोरस गातो. तो वेळ कोरसनं दिला. आणि ज्या तोंडानं नुकतं ‘विचारू नकोस’ म्हटलं, त्याच नटाच्या तोंडून, दुसऱ्या मुखवट्याआडून, ईडिपसला सगळं कळतं. हे मला पहिल्यांदा तक्त्यात दिसलं तेव्हा मी ते पान परत परत वाचलं.

आता दोन मित्रांना उभं करा. जमिनीवर टेपनं दार आणि दोन रस्ते आखा आणि हा भाग चालून पाहा. डेल्फीहून येणारा क्रेऑन आणि कोरिंथहून येणारा दूत यांना एकाच, ‘परगावच्या’ बाजूनं आणा. दुसरी बाजू शहराची ठेवा. योकास्ता दारातून गेली की वेळ मोजा. मग कोरसचं गीत मोठ्यानं, सावकाश वाचा. नटाला पोचायला वेळ पुरतो की नाही ते बघा.

एक्सोडॉसला सेवक बाहेर येऊन सांगतो की आत योकास्तानं गळफास घेतला आणि ईडिपसनं डोळे फोडून घेतले. हिंसा दाराआड घडते आणि बाहेर येतो तो तिचा वृत्तांत. हे लिहिताना ‘ग्रीकांना हिंसा वर्ज्य होती’ असं ठोकून देऊ नका. सोफोक्लीसच्याच ‘एजॅक्स’मध्ये नायक तलवारीवर कोसळतो तो बहुधा प्रेक्षकांसमोरच. दाराआड हे अधिक वेळा, पण नेहमी नाही.

७. ॲरिस्टॉटल शेवटी

बहुतेक वर्गांत हा पहिला येतो. तुम्ही नाटक वाचून झाल्यावर उघडा. त्याचं ‘काव्यशास्त्र’ इ.स.पू. ३३५ च्या आसपासचं, ‘ईडिपस’नंतर सुमारे शंभर वर्षांनी लिहिलेलं. सोफोक्लीसनं ते वाचून नाटक लिहिलेलं नाही. नियम नाटकांतून निघाले आहेत, उलट नाही.

शोकांतिकेची सहा अंगं तो सांगतो: कथानक, स्वभाव, विचार, भाषा, संगीत, दृश्य. याच क्रमानं महत्त्व, म्हणजे कथानक सर्वांत वर. दृश्याला तो शेवटी टाकतो, यावर रंगकर्म्यांनी भांडावं.

हमखास गुण जाणाऱ्या जागा दोन. स्थळ, काळ आणि कृती या तीन ऐक्यांचा नियम ॲरिस्टॉटलच्या नावावर लिहू नका. त्याचा खरा आग्रह कृतीच्या ऐक्याचा; काळाबद्दल तो जाता जाता बोलतो आणि स्थळाबद्दल नियम करत नाही. तीन ऐक्यांचा पक्का नियम सोळाव्या शतकातल्या इटालियन भाष्यकारांनी, विशेषतः कास्टेलवेत्रोनं (१५७०), बांधला. आणि त्याच्या ‘हमार्शिया’ या संज्ञेला ‘नायकाच्या स्वभावातला दोष’ म्हणून मोकळे होऊ नका. चूक, नेम चुकणं, अज्ञानातून घडलेली कृती, असं लिहिलंत तर ईडिपसला ते जास्त नीट लागू पडतं. त्यानं बापाला मारलं ते बाप आहे हे ठाऊक नसताना.

आता वहीच्या शेवटच्या पानांवर व्याख्या लिहा, स्वतःच्या शब्दांत, प्रत्येकीला तुम्ही वाचलेल्या नाटकातलं एक उदाहरण देऊन.

८. पुढे काय वाचायचं

‘ॲगमेम्नॉन’ घ्या, दाराकडे लक्ष ठेवून. जमलं तर ते ज्यातलं पहिलं आहे त्या ‘ओरेस्टिया’ची तिन्ही नाटकं सलग वाचा, पूर्ण टिकलेली ही एकमेव नाट्यत्रयी. मग ‘अँटिगनी’ आणि ‘मेडिया’. सुखात्मिकेसाठी ॲरिस्टोफेनीसचं ‘लिसिस्ट्राटा’ (इ.स.पू. ४११) सोपं पडतं. त्याचं ‘फ्रॉग्ज’ (इ.स.पू. ४०५) मात्र अगदी शेवटी ठेवा. त्यात पाताळात ईस्किलस आणि युरिपिडीस यांची ‘चांगला नाटककार कोण’ यावरून जुंपते, आणि दोघांचं निदान एकेक नाटक वाचलेलं नसेल तर निम्मे विनोद तळटिपांतच राहतात.